बिअर्डेड ड्रॅगनच्या मांडीवरची छिद्रं: निरोगी कशी ओळखायची, हात कधी लावायचा, कधी नाही (सरडे पाळणाऱ्यांच्या मंचावरचा धागा)

उन्हातलादगड

बिअर्डेड ड्रॅगन, लाडाने बिअर्डी, हा पाळला जाणारा ऑस्ट्रेलियन सरडा. त्याच्या मागच्या मांड्या खालून पाहिल्या की गुडघ्याकडून व्हेंटकडे (शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलद्वाराकडे) येणारी ठिपक्यांची ओळ दिसते. हे फीमोरल पोअर्स. इथे साधं 'छिद्रं' म्हणू. फोटो टाकून 'पुळ्या आल्यात', 'काटे उगवलेत', 'गोचीड आहे का' असं विचारलं जातं, त्यातल्या बहुतेक फोटोंत काहीच बिघडलेलं नसतं. उरलेल्यांत बिघाड असतो तो सहसा टँकमध्ये, म्हणजे त्याच्या काचेच्या घरात. मांडीवर तो फक्त दिसतो.

आधी आत काय आहे ते. प्रत्येक छिद्र म्हणजे कातडीत बुडालेल्या पिशवीवजा ग्रंथीचं तोंड. ग्रंथीतल्या पेशी मालाने भरतात, मरतात आणि गठ्ठ्याने बाहेर ढकलल्या जातात. मृत पेशी, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं मिळून झालेलं मेण तोंडाशी येऊन बसतं. म्हणजे छिद्र रिकामं असावं ही अपेक्षाच चुकीची. ते भरलेलंच असतं. जनावर चालताना मांडी दगडावर, फांदीवर घासतं, वरचा थर तिथे उतरतो, मागून नवा येतो. उतरलेला थर हा वासाचा निरोप असतो. दुसरा सरडा तो जीभ लावून वाचतो. नरात टेस्टोस्टेरॉन वाढलं की ग्रंथी जोरात चालते, म्हणून वयात आलेल्या नराचं मेण नजरेत भरतं. ब्रूमेशन (थंडीतली सुस्त झोप) संपून दाढी काळी करणं, मुंडी हलवणं सुरू झालं की त्याच दिवसांत मांडीवरचं मेणही वाढतं. तो आजार नाही.

निरोगी ओळ अशी दिसते: ठिपके गोल, साधारण एका मापाचे, डावी-उजवी मांडी एकसारखी. मधलं मेण मळकट पांढऱ्यापासून पिवळट, तपकिरी, राखाडीपर्यंत कुठल्याही रंगाचं. ते कातडीच्या पातळीत किंवा जेमतेम वर आलेलं. आजूबाजूचे खवले मांडीवरच्या इतर खवल्यांसारखेच: तोच रंग, तोच सपाटपणा. वास नाही. बोटाने हलकं चाचपलं तर पाय आखडून घेत नाही.

बिघडलेल्याची खूण मेणाच्या रंगावरून ठरवू नका. मेण मळतं, वाळूचा रंग घेतं, जुनं झालं की काळवंडतं. बघायची ती मेणाभोवतीची कातडी. ती शांत असेल तर वेळ आहे. ती लाल, ताणलेली, चकाकणारी किंवा फुगलेली असेल तर वेळ नाही.

शहाबादी

एक भर. इंटरनेटवर शोधलं की नर इगुआनाचे फोटो पुढे येतात. त्याची छिद्रं मुळातच मोठी, कंगव्याच्या दातांसारखी बाहेर आलेली असतात आणि इगुआनात ते चालतं. बिअर्डीत तसं दिसलं तर चालत नाही. मापदंड दुसऱ्या जातीचा लावू नये.

आणि आपल्याकडची गंमत: बागेतला नेहमीचा सरडा हा बिअर्डीच्याच कुळातला, पण त्याला ही छिद्रं नसतातच. उलट लांबच्या नात्यातल्या घरातल्या पालीला असतात. रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेली नर पाल आतून बघा, मांड्यांवर ठिपक्यांची माळ स्पष्ट दिसते.

ठिपका

तपासायला पकडायचं कसं? उताणं केलं की धडपडतात.

शहाबादी

उताणं करायचंच नाही. सरड्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. पाठीवर टाकलं की पोटातले अवयव फुप्फुसांवर येतात. ते शांत पडलं म्हणजे आवडलं असं नव्हे.

सोपी युक्ती: तळ पूर्ण पारदर्शक असलेला प्लास्टिकचा डबा, धान्याचा मोठा डबा असतो तसला. जनावर आत ठेवा, डबा दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर टेकवा, खालून मोबाइलने फोटो घ्या. फ्लॅश बंद, बाजूने टॉर्च. मांडी काचेला टेकल्यासारखी सपाट होते आणि पूर्ण ओळ एका चौकटीत येते. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवलीत तर पुढच्या महिन्याच्या फोटोशी तुलना करता येते. पट्टीशिवाय 'वाढलंय असं वाटतं' या वाक्याला काही किंमत नाही.

हातात घ्यायचंच असेल तर छातीखाली तळवा, मागचे पाय दुसऱ्या हाताच्या बोटांवर, अंग उभं न करता थोडं तिरकं. शेपूट धरू नका. बिअर्डीची शेपूट तुटली तर पुन्हा येत नाही.

मृगनक्षत्र

मादीबद्दल लिहायला हवं. मादीलाही छिद्रं असतात. सुईच्या टोकाएवढी, फिकट, बहुधा मेण न दिसणारी. वयस्क मादीत थोडं मेण दिसू शकतं. त्यामुळे 'छिद्रं दिसली म्हणजे नर' हे समीकरण कच्चं आहे.

खवलेकरी

बरोबर. नर-मादी ठरवताना छिद्रं हा दुय्यम पुरावा. मुख्य पुरावा शेपटीच्या मुळाशी: व्हेंटच्या मागे दोन समांतर फुगवटे आणि मध्ये घळ असेल तर नर, मधोमध एकच फुगवटा किंवा सपाट असेल तर मादी. शेपूट हलकेच वर करायची, काटकोनाच्या आतच, आणि वरून टॉर्च टेकवायचा. लहान पिलांत प्रकाश आरपार येतो, दोन सावल्या दिसतात किंवा दिसत नाहीत. चार-पाच महिन्यांच्या आधी छिद्रांवरून काही सांगणं म्हणजे अंदाजच. विकणाऱ्याने दोन महिन्यांच्या पिलाची 'छिद्रं बघून खात्रीने नर' म्हटलं तर त्या खात्रीचे जादा पैसे देऊ नयेत.

थोडं विषयांतर. या जातीत नराची गुणसूत्रं झेड-झेड आणि मादीची झेड-डब्ल्यू. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर झेड-झेड पिल्लंही मादी होऊ शकतात, आणि त्या माद्या अंडी घालतात. ऑस्ट्रेलियात रानातही अशा माद्या सापडल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा मांडीवरची ओळ बघून गुणसूत्रांवर पैज लावू नका. घरच्या पाळणाऱ्याला ती माहिती लागतही नाही म्हणा.

उन्हातलादगड

आता तुंबणं. मेण बाहेर येण्याचा वेग आणि झिजण्याचा वेग यांचं गणित बिघडलं की खुंट्या तयार होतात. खुंटी आधी कातडीच्या वर एखादा मिलिमीटर येते, मग दोन-तीन, टोक कडक आणि काळपट. अशी खुंटी एरवी दुखत नाही. पण ती तोंड घट्ट बंद करते, मागून माल येतच राहतो, ग्रंथीची पिशवी ताणली जाते, आणि जिवाणूंना आयती कोठी मिळते.

कारणं साधारण या क्रमाने तपासा. झिजवणारी जागा नसणं. शरीरात पाणी कमी पडणं. उष्णता आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) कमी, त्यामुळे हालचाल कमी आणि कात नीट न सुटणं. अंगावर जादा चरबी. आणि जीवनसत्त्व अ ची कमतरता. शेवटचं कारण इंटरनेटवर सगळ्यात आधी सांगितलं जातं, कारण त्यावर बाटली विकता येते.

शहाबादी

झिजवणाऱ्या जागेबद्दल मी लिहितो.

रानातला बिअर्डी दिवसभर कुंपणाच्या खांबांवर, ओंडक्यांवर, खडबडीत सालींवर चढउतार करतो. आपण त्याला देतो गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, नाहीतर रेप्टाइल कार्पेट. टाइलवर मेण सरकतं, झिजत नाही. कार्पेटच्या धाग्यांत नखं अडकतात आणि तो धुऊनही नीट स्वच्छ होत नाही.

बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली ऊब घेत बसायच्या जागी न घासलेली शहाबादी फरशी उत्तम. पॉलिश केलेला कडप्पा नको. फरशीच्या दुकानात मोडका तुकडा फुकटसुद्धा मिळतो. १५ ते २० मिमी जाडीचा घ्या, कडा कानशीने किंवा दुसऱ्या दगडावर घासून बोथट करा, साबणाशिवाय ब्रशने धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. जाड दगड ऊब धरून ठेवतो, पोटाला खालूनही शेक मिळतो. टँकच्या काचेवर थेट ठेवू नका. खाली कॉर्कचा किंवा जाड रबराचा तुकडा. दगडाखाली जनावर शिरेल अशी पोकळी ठेवायची असेल तर आधार हलणार नाही असा करा, नाहीतर चेंगरतं.

दुसरी गोष्ट तिरकी फांदी. आंब्याची साल खडबडीत असते, चालते. पेरूची फांदी दिसायला सुंदर पण अगदी गुळगुळीत, तिचा या कामी उपयोग नाही. जाडी जनावराच्या छातीएवढी, तिरकेपणा ३० ते ४५ अंश. फवारणी झालेल्या बागेतली फांदी घेऊ नका. चीक येणारी लाकडं आणि देवदार, पाइन टाळा.

एवढं केलं की नखंही आपोआप झिजतात. नखं वाकडी वाढलेली आणि छिद्रांतून खुंट्या आलेल्या हे दोन्ही एकाच जनावरात दिसले, तर औषध शोधण्याआधी फरशी बदला.

ठिपका

वाळू चालेल का मग? घासते तर तीही.

शहाबादी

सुटी वाळू मेणाला चिकटते, त्यातून सिमेंटसारखी टोपी तयार होते. ती झिजवत नाही, भर घालते. कॅल्शियम सँड आणि अक्रोडाच्या टरफलांचा चुरा तर अजिबात नको. पोटात गेला की वेगळंच संकट.

मृगनक्षत्र

तुंबलेली पण न सुजलेली छिद्रं मोकळी करायची पद्धत क्रमाने लिहिते. घाई केली की फसते.

आधी दिवस निवडा. कात टाकण्याच्या ऐन मध्यावर नको. जेवणानंतर लगेच नको. सकाळी दिवे लागून तासभर झाला, अंग गरम झालं, की मग.

उथळ टब, पाणी ३० ते ३२ अंश. हाताच्या अंदाजाने नाही, थर्मामीटरने. आपल्या हाताला जे कोमट वाटतं ते बहुधा जास्त गरम असतं. पाण्याची पातळी पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत. तळाला जुना टॉवेल, म्हणजे पाय घसरत नाहीत. वेळ १० ते १५ मिनिटं, पाणी थंड झालं तर बदला. नजर हटवायची नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत बाळाचा सर्वांत मऊ टूथब्रश, पाण्यात बुडवलेला. खवल्यांच्या दिशेनेच, उलट नाही. एका मांडीवर दहा-बारा हलके फटकारे. निघेल तेवढं निघेल. बाहेर काढून टिपून कोरडं करा, विशेषतः जांघ आणि व्हेंटच्या घड्या, आणि लगेच बास्किंगखाली.

हे दिवसाआड, दोन ते तीन आठवडे. पहिल्या तीन-चार वेळांत फरक दिसत नाही. मेण आधी मऊ होतं, मग कडा सुटतात, मग एखाद्या दिवशी ब्रशवर भाताच्या शितासारखी खुंटी येते. तिच्या जागी उथळ खळगा दिसतो. त्यात रक्त नसेल तर सगळं ठीक.

एक गैरसमज: आंघोळीतून कातडी पाणी शोषते असं नाही. जे प्यायलं तेवढंच शरीरात गेलं. पाणी पुरतं आहे का हे विष्ठेतल्या युरेटवरून (लघवीच्या घट्ट भागावरून) कळतं: पांढरं आणि मऊ तर बरं, पिवळट, खडूसारखं कोरडं तर कमी पडतंय. भाजी धुऊन ओलीच द्या.

खवलेकरी

आणि पिळायचं नाही. हे वेगळ्या ओळीत लिहितो कारण नेमकं हेच केलं जातं. ब्लॅकहेड काढतात तसे व्हिडिओ पाहून दोन नखांत धरून खुंटी ओढतात. खुंटी लांबट असते आणि पिशवीच्या अस्तराला चिकटलेली असते. कोरडी ओढली की अस्तर तिच्याबरोबर फाटतं, रक्त येतं, जखम आतल्या बाजूला राहते. दोन आठवड्यांनी तिथेच गाठ. चिमटा, सुई, नेलकटर, इअरबडची मागची काडी, सगळं दूर ठेवा.

रक्त आलंच तर स्वच्छ गॉज दोन-तीन मिनिटं न उघडता दाबून धरा. सुटी वाळू किंवा माती असेल तर ती काढून साध्या कागदावर ठेवा. आंघोळ आठवडाभर बंद.

ठिपका

खोबरेल तेल?

मृगनक्षत्र

हा प्रश्न मराठी धाग्यावर येणारच होता. मेण स्निग्ध असल्यामुळे तेलाने मऊ होतं, एवढं खरं. आंघोळीनंतर अंग कोरडं केल्यावर इअरबडवर एक थेंब घेऊन फक्त खुंट्यांवर टेकवा, दहा मिनिटांनी टिशूने पूर्ण पुसा. रात्रभर ठेवायचं नाही. तेलकट मांडीला धूळ आणि विष्ठेचे कण चिकटतात, आणि पावसाळ्यात त्याचा चिखल होतो.

उन्हातलादगड

माझं मत थोडं वेगळं. कोमट पाणी आणि खडबडीत दगड यांनी होत नसेल तर तेलानेही क्वचितच होतं. खुंटी म्हणजे नुसतं मेण नाही, त्यात मृत पेशींचं केराटिनही (नखं-खवल्यांतलं कठीण प्रथिन) असतं. ते तेलाने नव्हे, पाण्याने फुगतं. तेल लावून मात्र मालकाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि तो दगड बदलायचा राहतो. उघड्या जखमेवर तेल नको, यावर तरी दुमत नसावं.

मृगनक्षत्र

नाही, त्यावर नाही.

वैद्यकी

आता डॉक्टरकडे न्यायच्या खुणा. कुठलीही एक पुरे.

खुंटीभोवती लाल किंवा जांभळट कडं. शेजारची दोन-तीन छिद्रं मिळून एक फुगवटा. एकाच मांडीवर बदल आणि दुसरी अगदी नेहमीसारखी. दाबल्यावर पाय झटकणं. लंगडणं. दुर्गंधी. खवले काळे पडून सुकणं.

सरपटणाऱ्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी विकरं नसतात, म्हणून तो घट्ट, पनीरच्या तुकड्यासारखा साठतो. याचा व्यावहारिक अर्थ: 'फुटून वाहून जाईल' अशी वाट बघण्यात काही नाही. वाहून जाणारं तिथे काही नसतंच. गाठ उघडून, खरवडून, धुऊन काढावी लागते आणि ते भूल देऊन, दवाखान्यात. नमुना कल्चरला (जिवाणू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवून मग अँटिबायोटिक ठरवायचं. कुत्र्या-मांजरांचं उरलेलं इंजेक्शन घरी टोचणं हा पर्याय नाही. मात्रा वेगळी, मूत्रपिंडांवरचा भार वेगळा.

घरात डॉक्टर मिळेपर्यंत काय करता येईल: पोविडोन आयोडीनचं १० टक्के द्रावण एक भाग, पाणी दहा भाग. रंग फिक्कट चहाचा. कापसाने मांडीवर लावा, पाच मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, दिवसातून एकदा. टबात ओतू नका, जनावर ते पिईल. किंवा क्लोरहेक्सिडिन २ टक्क्यांचं ५ मिली, पाणी घालून एकूण २०० मिली, म्हणजे ०.०५ टक्के. तोंड धुण्याचं क्लोरहेक्सिडिन वापरू नका, त्यात चव आणि रंग असतात.

काय लावायचं नाही: डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट. हळदही नको. ती मेणात बसते आणि पिवळा रंग चढला की लाली आहे की नाही हेच कळत नाही. तपासणाऱ्याची मुख्य खूण आपण पुसून टाकतो. आणि औषधांच्या दुकानात सर्रास मिळणारी ती 'खाज-गजकर्ण' मलमं तर मुळीच नको. त्यात बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत जाते, मालक खूश होतो, आणि खाली संसर्ग पसरतो.

ठिपका

पिवळी खपली आणि पिवळं मेण यात फरक कसा करायचा?

वैद्यकी

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

मेण छिद्राच्या आत असतं आणि ओळीत असतं. खपली खवल्यांच्या वर असते आणि ओळ पाळत नाही. ओल्या इअरबडने मिनिटभर दाबून ठेवलं की मेणाचा पृष्ठभाग मऊ होतो, बडवर थोडं येतं. खपली तशीच राहते, किंवा उचकटली तर खाली ओलं, कच्चं, लालसर दिसतं. मेणामुळे शेजारचा खवला बदलत नाही. बुरशीत शेजारचे खवले पिवळे-तपकिरी, जाड, चुरगळलेले होतात आणि डाग आठवड्यागणिक रुंदावतो. जबडा, पोट, व्हेंटभोवती असेच डाग शोधा.

बिअर्डीत ज्याला यलो फंगस म्हणतात त्यामागे मुख्यतः नॅनिझिऑप्सिस ग्वारोई ही बुरशी. ती वरवरची राहत नाही, कातडीखाली स्नायू-हाडांपर्यंत जाऊ शकते, आणि एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाते. शंका आली की त्याच दिवशी वेगळा टँक, वेगळा चिमटा, वेगळा ब्रश, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. निदान बायोप्सी आणि प्रयोगशाळेतून. फोटोवरून कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका, माझंही नाही. उपचार महिनोन्महिने चालतात.

शेवगा

जीवनसत्त्व अ चा विषय वर उडवून लावलाय, पण तो खोटा नाही. अ कमी पडलं की ग्रंथींच्या आतलं नाजूक अस्तर जाड, केराटिनी होतं आणि माल सुका व चिवट बनतो. पण तेव्हा एकटी छिद्रं बोलत नाहीत. पापण्या सुजतात, डोळे चिकटतात, कात तुकड्यातुकड्यांत अडकते. हे सोबत नसेल तर कारण बहुधा दुसरं.

खाण्यातून द्या. लाल भोपळा, गाजराचा कीस, शेवग्याचा पाला, रताळ्याचा कोवळा पाला, जास्वंदीची फुलं. यातलं बीटा-कॅरोटीन जास्त झालं तर विषारी होत नाही. पालक, चुका रोज नको. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. अळू कधीच नको.

पावडरीतलं तयार अ म्हणजे रेटिनॉल, ते साठतं. वाढलेल्या जनावराला मल्टीव्हिटॅमिन आठवड्यातून एकदाच, किड्यांवर हलका थर. किड्यांना देण्याआधी २४ तास गाजर-भोपळा खायला घाला, म्हणजे ते पोट भरून येतात. अ चं इंजेक्शन 'छिद्रांसाठी' मागू नका. जास्त झालं की कातडी सोलून निघते, आणि मग जो धागा काढावा लागतो तो याहून वाईट असतो.

खवलेकरी

वजनही बघा. वाढलेलं जनावर किडे कमी, भाजी जास्त यावर असायला हवं. सुपरवर्म (मोठ्या अळ्या) रोज दिले की दोन-तीन महिन्यांत मांड्या गुबगुबीत, पोट जमिनीला टेकलेलं, चढणं बंद. मग खडबडीत फांदी असून उपयोग नाही. स्वयंपाकघरातल्यासारखा पण वेगळा काटा ठेवून आठवड्याला एकदा वजन लिहा.

मृगनक्षत्र

मुंबई-कोकणातल्यांसाठी वेगळं लिहायला हवं. बिअर्डी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. टँकमध्ये ३० ते ४० टक्के आर्द्रता त्याला मानवते. जुलैत आपल्याकडे खोलीतच ८५ असते. तेव्हा मेण सुकून तुंबत नाही, उलट ओलं, चिकट राहतं आणि त्यावर मळ धरतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये नेमकं उलटं: हवा कोरडी, खुंट्या कडक.

म्हणून एकच वेळापत्रक वर्षभर चालत नाही. पावसाळ्यात आंघोळ आठवड्यातून एकदा किंवा तीही नाही, पाण्याचा वाडगा थंड बाजूला आणि लहान, जाळीचं झाकण, विष्ठा दिसताच साफ. दिवे बंद झाल्यावर ओल वाढते, त्यामुळे आर्द्रता रात्रीही मोजा. उन्हाळ्यात आंघोळ आठवड्याला दोनदा चालेल.

उन्हातलादगड

दिव्यांची आकडेवारी एकदा नोंदवतो, कारण कात आणि मेण दोन्ही त्यावर अवलंबून. बास्किंगच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, इन्फ्रारेड गनने मोजलेला. थंड बाजू २४ ते २८. काचेवर चिकटवायचे गोल मीटर हवेचं तापमान दाखवतात, तेही बहुतेक चुकीचं. यूव्हीबीसाठी लांब टी-फाइव्ह ट्यूब, १० ते १२ टक्क्यांची, टँकच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश लांबीची, बास्किंगच्याच बाजूला. वर्षाने बदला, ट्यूब उजेड देत राहते, यूव्हीबी आधीच घटलेलं असतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ शून्य. 'रोज ऊन देतो' म्हणणाऱ्याला आधी काच उघडी होती का हे विचारा.

ठिपका

कात टाकल्यावर छिद्रांवर पांढऱ्या चकत्या राहतात. त्या काढायच्या का?

शहाबादी

त्या कातीच्याच टोप्या. मांडीची कात सुटते पण छिद्राच्या तोंडाशी चिकटून राहते. आठवडाभर वाट बघा, दगडावर बहुतेक जातात. नाही गेल्या तर मृगनक्षत्रताईंनी लिहिलेली आंघोळ, दोनदा. तरीही राहिल्या तर पुढच्या कातीआधी सोडवायलाच हव्यात. एकावर एक दोन-तीन टोप्या बसल्या की आतलं मेण अडकतं आणि तिथूनच खुंटी सुरू होते. म्हणून कात संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालून एक फोटो, हा चांगला नेम.

ठिपका

आणि एखादं छिद्र कायमचं रिकामं, खळग्यासारखं राहिलं तर?

वैद्यकी

भोवतालची कातडी शांत असेल तर सोडून द्या. आधी कधी ओढल्यामुळे किंवा संसर्गामुळे ती ग्रंथी बंद पडलेली असते. ओळीत एखादा दात नसल्यासारखं दिसतं, जनावराला त्याचं काही नसतं. सगळीच छिद्रं एकदम सपाट आणि निस्तेज झाली, नर खाईनासा झाला, वजन उतरलं, तर मात्र मांडी सोडा आणि पूर्ण तपासणी करा. विष्ठा, रक्त, एक्स-रे. ब्रूमेशनमध्ये मेण कमी होणं वेगळं. तेव्हा वजन जवळपास टिकून असतं.

खवलेकरी

ब्रशबद्दल राहिलं. टब आणि ब्रश फक्त त्याच जनावराचे. धुणं बाथरूममध्ये, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. निरोगी दिसणाऱ्या बिअर्डीच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो, आणि आंघोळीच्या पाण्यात ते हमखास विष्ठा करतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे काम त्याच्या हाती देऊ नका, बघू द्या फक्त. ब्रश दर वेळी साबणाने धुऊन उन्हात, महिन्याने नवा.

ठिपका

खालून काढलेले दोन्ही मांड्यांचे फोटो पट्टीसह नव्या प्रतिसादात टाकतो. उजवीकडे तिसऱ्या-चौथ्या छिद्राभोवती कडं आहे की सावली, ते बघा.

वैद्यकी

टाका. टॉर्च दोन्ही बाजूंनी एकेकदा ठेवून दोन फोटो घ्या. सावली असेल तर बाजू बदलेल, कडं असेल तर जागेवर राहील.